सुटे की एकत्र?

घरी गाणे ऐकण्यासाठी यंत्र घ्यावयाचे झाल्यास सर्व अंगे एकाच देहात असलेला रिसीव्हर घ्यावा, की निरनिराळी सुटी यंत्रे आणून ती एकमेकांस जोडावी, हा प्रश्न वरवर पाहता दुकानाच्या उंबरठ्यावरच मिटण्यासारखा दिसतो. विचारप्रधान मासिकाची पाने त्यासाठी का खर्ची घालावी, असे कोणी विचारील. परंतु ज्या निवडीवर कुटुंबाची शिल्लक खर्च होते, जिच्यामुळे घरातील एकाची सोय आणि दुसऱ्याची अडचण होते, आणि जिच्यापायी चांगली चालती वस्तू भंगारात जाऊ शकते, ती निवड केवळ बाजाराची राहत नाही. तीत कर्तव्याचाही अंश येतो. बहुतेक लोक या प्रश्नाचा निवाडा कानांवर सोपवितात. आमच्या मते कान हे येथे शेवटचे न्यायाधीश नव्हेत. ते तसे का नव्हेत, आणि मग न्याय कोणी करावा, हेच या लेखात पाहावयाचे आहे. उदाहरणे आम्ही आमच्या जिल्ह्यातील घेतो. या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले असले तरी बोलताना लोक अजून त्यास नगर म्हणतात. तेव्हा आम्हीही तसेच म्हणू.

प्रथम दोन्ही पक्षांची ओळख करून घेतली पाहिजे. रेडिओचे केंद्र पकडणारा ट्यूनर, आवाज लहानमोठा करणारा व अनेक साधनांतून हवे ते निवडणारा प्रीअँप्लिफायर, आणि स्पीकरचा पडदा हलविण्याइतके बळ पुरविणारा पॉवर अँप्लिफायर, ही तीन अंगे एका आवरणात बसविली म्हणजे रिसीव्हर होतो. अलीकडच्या रिसीव्हरात याखेरीज चित्रपटाचा पाचसात दिशांनी येणारा आवाज उलगडणारी यंत्रणा असते, दूरचित्रवाणी जोडण्याच्या एचडीएमआय खोबणी असतात आणि खोलीतील आवाज मोजून तो दुरुस्त करण्याची सोयही असते. सुट्या पद्धतीत हीच कामे वेगवेगळ्या यंत्रांकडे सोपवून ती तारांनी जोडतात. या दोहोंच्या मध्ये इंटिग्रेटेड अँप्लिफायर नावाचा एक मध्यममार्गी प्रकार आहे. त्यात नियंत्रण व बळ ही दोन अंगे एकत्र असतात. बाकीची बाहेर राहतात. या मध्यममार्गाची आठवण वाचकांनी ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

हा वाद आमच्या घरांत नवा नाही. त्याची नावे तेवढी बदलत गेली. १९०२ साली कलकत्त्यास गोहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले आणि आपल्याकडे तबकड्यांचे युग सुरू झाले. ग्रामोफोन हा सर्वस्वी एकत्र देह होता. चावी द्यावी, सुई बदलावी, तबकडी ठेवावी, एवढेच त्याचे शास्त्र. एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपे, आणि तेवढ्या अवकाशात अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई राग उभा करीत. नंतर रेडिओ आला. मुंबईचे केंद्र १९२७ साली आणि पुण्याचे १९५३ साली सुरू झाले; तेव्हापासून नगरकडील कित्येक घरांत पुणे केंद्राच्या आवाजानेच दिवस उजाडू लागला. पुढे रेडिओ व ग्रामोफोन एका लाकडी कपाटात नांदले आणि रेडिओग्राम झाला. रेडिओ व कॅसेट एकत्र आले आणि टू-इन-वन झाला. १९८० नंतरच्या काळात ज्यांस ऐपत होती त्यांनी पुन्हा संसार सुटा केला, आणि डेक, अँप्लिफायर व जोडीचे स्पीकर दिवाणखान्याच्या शोकेसमध्ये मांडले. मग घरात चित्रपट पाहण्याच्या ओढीने सर्वांस एकत्र करणारा रिसीव्हर आला, आणि आता तबकड्यांची हौस परतल्यामुळे रसिक पुन्हा सुट्याकडे वळत आहेत. जोडणे आणि सोडणे यांची पाळी अशी चालूच आहे. ज्या अर्थी एकाही पिढीचे एका बाजूने समाधान झाले नाही, त्या अर्थी दोन्ही बाजूंस काही सत्य असले पाहिजे.

सुट्यांचा पक्ष असा आहे. एका आवरणात अनेक अंगे कोंबली म्हणजे त्यांस एकच ट्रान्स्फॉर्मर वाटून घ्यावा लागतो. जोराच्या प्रसंगी पॉवर अँप्लिफायर वीज ओढतो तेव्हा नाजूक अंगांच्या वाट्यास येणारा पुरवठा डळमळू शकतो. अंकांची उलाढाल करणाऱ्या भागाचा विजेचा गोंगाट शेजारच्या नाजूक मंडलांत शिरण्याचा संभव असतो. उष्णताही सर्वांस मिळून सोसावी लागते; आणि आमच्याकडे वैशाखात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, तेव्हा ही गोष्ट लहान नाही, कारण यंत्रातील कपॅसिटरांचे आयुष्य उष्णतेने झपाट्याने घटते. शिवाय एक अंग बिघडले की सगळा देह कारखान्यात धाडावा लागतो, आणि तो परत येईपर्यंत घर मुके राहते. सुट्या पद्धतीत बिघडलेले तेवढे काढावे, बाकीचे चालू ठेवावे.

एकत्राच्या पक्षासही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. एकच आवरण, एकच ट्रान्स्फॉर्मर, एकच वायर असल्यामुळे तेवढ्याच गुणाची वस्तू पुष्कळ स्वस्त पडते. सुट्या यंत्रांत जितके जोड तितक्या कुरबुरीच्या जागा. नगर हा बहुतांशी पर्जन्यछायेचा मुलूख. फुफाटा येथे घरोघरचा पाहुणा आहे, आणि जोडांवर धूळ बसली की आवाज खरखरतो. जुन्या घरांत विजेचे अर्थिंग धड नसते. तेथे दोन यंत्रे निरनिराळ्या मार्गांनी जमिनीस जोडली गेली की स्पीकरमधून घूं असा अखंड सूर निघतो, आणि त्याचे मूळ शोधता शोधता सुटीचा दिवस मावळतो. वीज जाते आणि येते, दाब कमीजास्त होतो. एका यंत्राचे रक्षण करणे पाचांचे रक्षण करण्याहून सोपे.

या दोन पक्षांत आवाजाच्या गोडीवरून निवाडा होईल काय? येथेच रसिक मंडळी हिरिरीने बोलतात, आणि येथेच पुरावा त्यांस साथ देत नाही. अमेरिकेतील 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाने १९८७ साली एक परीक्षा प्रसिद्ध केली. सुमारे २२० डॉलरांच्या साध्या रिसीव्हरापासून १२,००० डॉलरांच्या अँप्लिफायरापर्यंत निरनिराळी यंत्रे घेतली, आवाज सारखा मोजून ठेवला, आणि कोणते यंत्र वाजत आहे हे श्रोत्यांपासून लपविले. श्रोत्यांत अँप्लिफायरांतील भेद निश्चित ओळखू येतो असे म्हणणारेही होते. निकालात त्यांचे यश केवळ अंदाजाने मिळणाऱ्या यशाहून निराळे ठरले नाही. यंत्रे सुस्थितीत असतील आणि त्यांवर ताकदीबाहेरचे ओझे टाकले नसेल, तर त्यांतील भेद नाव झाकताच बहुधा नाहीसा होतो, एवढे यावरून म्हणता येते.

ताकदीचा भ्रमही असाच आहे. जाहिरातीत वॅटांचे आकडे शंभरांनी मोजतात, परंतु कान त्या हिशेबाने ऐकत नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज अवघा तीन डेसिबलने वाढतो; तो कानास दुप्पट वाटण्यास सुमारे दसपट वॅट लागतात. बहुतेक स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर पंचाऐंशी ते नव्वद डेसिबल आवाज देतात, आणि सामान्य संभाषण सुमारे साठांवर चालते. म्हणजे दिवाणखान्यात ख्याल ऐकणारा गृहस्थ बहुतेक वेळ एका वॅटच्या आतच असतो. यास अपवाद आहेत, ते सांगितले पाहिजेत. काही स्पीकर वीज फार ओढतात. काही दालने फार मोठी असतात. आणि कित्येक रिसीव्हरांवर लिहिलेली ताकद दोन स्पीकर चालू असतानाची असते, सातही चालू केले की प्रत्येकाचा वाटा घटतो. अशा ठिकाणी सुटा पॉवर अँप्लिफायर घेणे योग्यच. परंतु दहा फूट बाय बारा फूट खोलीत दोन स्पीकर ठेवणाऱ्या मध्यमवर्गीयास हा अपवाद बहुधा लागू पडत नाही.

मग कानास खरोखर कळणारा भेद कोठून येतो? तो स्पीकरांतून आणि खोलीतून येतो. आमच्या जिल्ह्यातील धाब्याची जुनी घरे आठवावी: जाड मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, भिंतीशी रचलेल्या गोधड्या, खाली सतरंजी. अशा खोलीत आवाज निवतो. उलट आजच्या स्लॅबच्या घरात वर काँक्रीट, खाली गुळगुळीत फरशी, चहूंकडे कोऱ्या भिंती. येथे गायकाचा एक स्वर संपण्यापूर्वी भिंती त्याचे चार प्रतिध्वनी परत पाठवितात. अशा खोलीत पन्नास हजारांचे सुटे यंत्र आणणारा मनुष्य जाड सतरंजी अंथरण्याची आणि पुस्तकांचे कपाट समोरच्या भिंतीस लावण्याची गोष्ट मनातही आणीत नाही, याचे आम्हांस नवल वाटते. उपाय जवळजवळ फुकट आहे, म्हणूनच कदाचित त्यास मान नाही.

येथवर आलो म्हणजे प्रश्नाचे रूप पालटते. गोडीच्या कसोटीवर दोन्ही पक्ष जर जवळजवळ बरोबरीस येतात, तर निवड दुसऱ्या कसोट्यांवर करावी लागेल. आम्हांस अशा दोन दिसतात. पहिली, ही वस्तू कशी जुनी होईल? दुसरी, ही वस्तू घरात कोणाच्या हाताची राहील?

पहिली कसोटी घेऊ. संगीतयंत्राची सर्व अंगे एका वेगाने म्हातारी होत नाहीत. चांगला स्पीकर, त्याची कड रबराची असल्यास, वीस-पंचवीस वर्षे सहज टिकतो. दोन वाहिन्यांचा साधा अँप्लिफायर तितकाच दीर्घायुषी असतो, आणि त्याचे बिघडलेले ट्रान्झिस्टर वा कपॅसिटर तालुक्याच्या गावचा कारागीरही बदलून देऊ शकतो. परंतु अंकरूप संगीत उलगडणारी, जाळ्यावरून गाणी आणणारी, दूरचित्रवाणीशी बोलणारी जी अंगे आहेत त्यांचे आयुष्य झिजेने संपत नाही. जगाची भाषा बदलल्याने संपते. २०१० च्या सुमाराचा रिसीव्हर घ्या. त्याचा अँप्लिफायर आजही ठणठणीत असेल, परंतु आजच्या दूरचित्रवाणीचे संपूर्ण तपशिलाचे चित्र त्याच्या खोबणीतून बहुधा जात नाही. मग मालक काय करतो? जी अंगे निरोगी आहेत त्यांसकट सगळा देह भंगारवाल्याच्या हवाली करतो. घरातील एका खोलीचे छप्पर गळू लागले म्हणून वाडाच पाडावा, असा हा व्यवहार आहे. यावरून एक नियम निघतो: जी अंगे एका वेगाने जुनी होतात ती एकत्र ठेवावी, जी निरनिराळ्या वेगाने जुनी होतात ती सुटी ठेवावी. हा नियम केवळ काटकसरीचा नव्हे. जी वस्तू घडविण्यात खनिज, वीज आणि मनुष्याचे श्रम खर्ची पडले, ती चालती असता टाकून देण्याचा अधिकार केवळ तिची किंमत मोजल्याने आपणांस प्राप्त होत नाही.

दुसरी कसोटी आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. कल्पना करा की नगरच्या सावेडी भागातील एका घरात थोरल्या मुलाने हौसेने पाच सुटी यंत्रे मांडली आहेत. ती चालू करण्याचा क्रम आहे: पॉवर अँप्लिफायर सर्वांच्या शेवटी लावावयाचा आणि सर्वांच्या आधी बंद करावयाचा, नाहीतर स्पीकरमध्ये धप्प असा धक्का बसतो. कोणते बटण कोणत्या बाजूस, कोणते साधन कोणत्या खोबणीत, हे त्यासच ठाऊक. घरातील आजीस पहाटे भूपाळी ऐकावयाची असते. पूर्वी ती टू-इन-वनचे बटण आपण होऊन दाबीत असे. आता ती यंत्राकडे पाहते, हात मागे घेते, आणि म्हणते, "राहू दे, दादा उठला की लावील." दादा आठ वाजता उठतो, भूपाळीची वेळ टळलेली असते. या घरात संगीताची साधने वाढली आणि संगीत ऐकणारे कमी झाले. यंत्र घराच्या पैशाने आले, पण त्यातील गाणे एकट्याचे झाले. यात दादाचा हेतू वाईट नव्हता. तरीही आजीचे काही हिरावले गेले आहे, आणि ती बोलत नाही म्हणून ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

यावर रिसीव्हराचा पुरस्कर्ता हर्षभरित होऊन म्हणेल की, आमचे एकच यंत्र व एकच रिमोट घ्या, म्हणजे आजी सुखी होईल. परंतु त्याने घाई करू नये. त्या रिमोटावर चाळीस-पन्नास बटणे असतात. एक चुकून दाबले की आवाज दुसऱ्याच खोबणीकडे वळतो, आणि तो परत आणण्यासाठी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर इंग्रजी याद्या उलगडाव्या लागतात. देह एक असून वागणूक पाच जणांची. तेव्हा यंत्रांची संख्या हे सोपेपणाचे माप नव्हे. गाणे लागण्यापूर्वी श्रोत्यास किती निर्णय करावे लागतात, हे खरे माप होय.

येथे जाणत्या रसिकाची एक तक्रार ऐकली पाहिजे. तो म्हणेल, "तुम्ही सर्वांस आजीच्या बटणावर आणून बसविता. जाणतेपणास काही मान आहे की नाही? यंत्रे जुळविणे, तारा जोडणे, सूक्ष्म भेद टिपणे, ही एक विद्या आहे. तिच्यात रमणाऱ्यास तुम्ही दोषी ठरविता." तक्रार अगदीच पोकळ नाही. हाताने काही जुळवून आणण्याचा आनंद खरा आहे, आणि ज्याच्या खोलीत दुसरे कोणी ऐकणारे नाही त्याने तो खुशाल भोगावा. परंतु तंबोरा लावणाऱ्याकडे पाहा. तो जवारी साधण्यात कितीही वेळ घालवो, तंबोरा लागला की तो सर्व मैफिलीसाठी लागलेला असतो; सुराचे श्रम त्याचे, सुराचे सुख सर्वांचे. जाणत्याने यंत्र जुळविताना हाच धर्म पाळावा. क्लिष्टता आपल्याकडे ठेवावी आणि सोपेपणा घरास द्यावा. ज्याच्या जाणतेपणामुळे इतरांचे हात आखडतात, त्याच्या विद्येत अजून काही उणे आहे.

ऐकणे ही मुळात लक्षाची गोष्ट आहे, आणि याची साक्ष आमच्याच जिल्ह्यात मिळते. नेवाशास शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. परंपरेने सांगतात की ज्ञानेश्वर खांबास टेकून बोलत आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत. नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांपाशी जे मागतात ते अवधान होय. दुसरे काही मागत नाहीत. नगरच्या किल्ल्यात १९४२ पासून बंदिवासात असलेल्या मौलाना आझादांचे 'गुबार-ए-खातिर' हे पत्ररूप पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यातील एका दीर्घ पत्रात त्यांनी आपल्या संगीतप्रेमाविषयी आणि तरुणपणी केलेल्या सतारीच्या अभ्यासाविषयी लिहिले आहे. ज्याने मनापासून ऐकले आहे, त्याचे संगीत किल्ल्याच्या भिंतींआडही जिवंत राहते. यावरून यंत्रे नकोत असा अर्थ आम्ही काढीत नाही. यंत्राची योग्यता त्याने आपल्या अवधानातील किती भाग स्वतःसाठी मागून घेतला यावरून ठरवावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. जो गृहस्थ यमन ऐकताना नवी तार जुन्या तारेहून बरी की वाईट हेच ऐकत बसतो, त्याने यमन ऐकलाच नाही.

अवधानाचा हा हिशेब भिंतीपलीकडेही लागू आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. शेकडो वॅटांचे यंत्र घेणाऱ्यास ती ताकद कधीतरी वापरून पाहण्याचा मोह होतोच, आणि त्याची किंमत परीक्षेचा अभ्यास करणारे शेजारचे मूल देते. गरजेहून अधिक ताकद विकत घेताना हा मोहही आपण विकत घेत आहोत, हे ध्यानात असावे.

तेव्हा सुटे की एकत्र? आमचे उत्तर प्रवरेच्या काठी सापडते. १९५० साली प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा सभासदांनी आपल्या जमिनी एकात एक मिसळल्या नाहीत. शेत ज्याचे त्याचे राहिले. गाळप तेवढे एके ठिकाणी झाले. जे सुटे ठेवणे हिताचे ते सुटे राहिले, आणि जे एकत्र करणे हिताचे ते एकत्र झाले. घरातील यंत्रासही हाच न्याय लावावा. दोन वाहिन्यांचा साधा इंटिग्रेटेड अँप्लिफायर आणि चांगले स्पीकर ही दीर्घायुषी जोडी कायमची धरावी. जाळ्यावरून गाणी आणणारे अथवा दूरचित्रवाणीशी बोलणारे जे अल्पायुषी अंग, ते लहान व सुटे ठेवावे, म्हणजे त्याची भाषा जुनी झाली की तेवढेच बदलता येईल. आणि वापरणाऱ्याच्या दृष्टीने मात्र सारे एकत्र असावे: एक बटण सुरू करण्याचे, एक आवाजाचे. ज्या घरात चित्रपट हीच मुख्य आवड आहे आणि पाचसात स्पीकर लावावयाचेच आहेत, त्यांनी रिसीव्हर अवश्य घ्यावा. फक्त बाहेरचा अँप्लिफायर जोडण्याची सोय त्यात आहे की नाही हे पाहून घ्यावा, म्हणजे पुढे त्याचे एक अंग निकामी झाले तरी बाकीचे वाया जाणार नाही. पैसा प्रथम स्पीकरांवर व सतरंजीवर खर्चावा, नंतर अँप्लिफायरावर, आणि तारांवर सर्वांच्या शेवटी.

इतके करूनही निवड बरोबर झाली की नाही याची शंका राहिल्यास तज्ज्ञाकडे जाण्याची आवश्यकता नाही. यंत्र घरी आल्यावर एक महिना जाऊ द्यावा. मग पाहावे की पहाटे, घर अजून झोपेत असता, आजी आपण होऊन उठते, कोणास हाक न मारता भूपाळी लावते, आणि शेजाऱ्यास ऐकू न जाईल एवढाच आवाज ठेवते काय. ती तसे करीत असेल तर यंत्र योग्य घेतले. मग त्याची अंगे एका आवरणात असोत वा चार.